डिझेलवरून पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या गॅसवर) आणलेल्या थर्मिक फ्लुइड हीटरच्या (कॉइलमधलं तेल तापवणाऱ्या भट्टीच्या) बर्नर कंट्रोलरमध्ये सेफ्टी सेटिंग्ज कशा ठेवाव्यात?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: रबाळे एमआयडीसीत ताशी ४ लाख किलोकॅलरीचा हीटर, नुकताच महानगर गॅसच्या लाइनवर आणलेला, हनीवेल ७८०० मालिकेतला कंट्रोलर, त्यात ३० सेकंदांचं पर्ज कार्ड (पर्ज म्हणजे पेटवण्याआधी आत साचलेला गॅस हवेने बाहेर काढणं; त्याची वेळ हे कार्ड ठरवतं). हवेचा दाब घसरला की बर्नर बंद करणारा प्रेशर स्विच सारखा ट्रिप होतो, म्हणून पॅनलवाला तो शॉर्ट करायला, म्हणजे तार जोडून निकामी करायला सांगतोय. शिवाय पायलटला (मुख्य ज्योत पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीला) पेटायला वेळ ४ सेकंद ठेवावी की १०, हेही तुम्ही विचारलंय.

स्विच शॉर्ट करू नका. ३० सेकंदांचं पर्ज तुमच्या हीटरला जवळजवळ नक्कीच अपुरं आहे. पायलट ४ सेकंदांवर ठेवा.

पर्जचा हिशोब आधी करू. पर्ज सेकंदांत ठरत नाही, घनमीटरमध्ये ठरतं. भट्ट्यांसाठी अमेरिकन नियम ज्वलनकक्षाच्या आकारमानाच्या ४ पट हवा मागतात, युरोपीय नियम ५ पट. ४ लाख किलोकॅलरीला ताशी साधारण ४७ घनमीटर गॅस लागतो. जास्तीची हवा धरून गॅसच्या १२ पट हवा म्हणजे ताशी ५६५. ब्लोअर ६०० देतो असं धरा. म्हणजे मिनिटाला १० घनमीटर. कॉइलमधली जागा आणि चिमणीपर्यंतचा डक्ट धरून आतलं आकारमान ४ घनमीटर असेल, तर ५ पट म्हणजे २० घनमीटर, अर्थात पूर्ण २ मिनिटं. ३० सेकंदांत हवा एकदा आणि वर पावपट बदलते, बस. तुमच्या हीटरची मापं टेपने घ्या, माझा ४ चा आकडा उचलू नका. नेमकं कार्ड मिळालं नाही तर पुढचं मोठं घ्या आणि पॉवर बंद करूनच बदला.

इथेच दुसरी गडबड होते. वेळ बरोबर असते, पण डॅम्पर (हवेची झडप) लो फायरच्या, म्हणजे सर्वात लहान ज्योतीच्या जागेवरच अडकलेला असतो. हवा एक तृतीयांश असेल तर २ मिनिटांत ७ घनमीटरसुद्धा जात नाहीत. म्हणून डॅम्पर पूर्ण उघडल्याचा एंड स्विच कंट्रोलरच्या हाय फायर (पूर्ण ज्योतीच्या) इनपुटला खरोखर जोडलेला आहे ना, ते वायरिंग हातात धरून तपासा. ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका.

पायलटबद्दल फार लिहायला नको. धडधाकट पायलट एक-दोन सेकंदांत पेटतो. ज्याला १० लागतात त्याचा स्पार्क गॅप, पायलटचा रेग्युलेटर किंवा हवा बिघडलेली असते. या मालिकेत ही वेळ सहसा जेआर-१ या जंपरने (छोट्या जोडतारेने) ठरते: शाबूत असेल तर १० सेकंद, कापला तर ४. पण मॉड्यूल (कंट्रोलरचा मुख्य डबा) २०० तास चालून झाल्यावर जंपर कापला तर फॉल्ट ११० येतो, तो रिसेट होत नाही आणि मॉड्यूल फेकावं लागतं. त्यामुळे जुन्या मॉड्यूलला पक्कड लावू नका. नवीन मॉड्यूल बसवताना पहिल्याच दिवशी कापा.

पायलटपेक्षा मला फ्लेम अँप्लिफायरची, म्हणजे ज्योत विझल्याचं कंट्रोलरला कळवणाऱ्या कार्डाची जास्त काळजी वाटते. तो ०.८ सेकंदात किंवा ३ सेकंदांत ज्योत विझल्याचं ओळखणारा मिळतो. हाय फायरला ज्योत विझली तर सेकंदाला १३ लिटर गॅस सुटतो आणि ब्लोअर सोबत १२ पट हवा ढकलत असतो. त्या मिश्रणात गॅस सुमारे ८ टक्के असतो. मिथेन ५ ते १५ टक्क्यांत पेटतो, म्हणजे हे मिश्रण त्या टप्प्यातच येतं. ३ सेकंद आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला १ सेकंद धरला तर तापलेल्या कॉइलभोवती जवळपास ६८० लिटर स्फोटक मिश्रण जमतं, ०.८ च्या अँप्लिफायरला ते ३०० च्या आसपास राहतं. डिझेलच्या वेळचा फोटोसेल अजून तिथेच असेल तर काढून टाका, गॅसची निळी ज्योत त्याला दिसत नाही. यूव्ही सेन्सर लावणार असाल तर हे लक्षात घ्या: साधी यूव्ही ट्यूब खराब झाली की ज्योत नसतानाही 'ज्योत आहे' असं सांगू शकते, आणि ते फक्त सुरू होतानाच्या तपासणीत पकडलं जातं. म्हणून २४ तासांत एकदा तरी बर्नर बंद होऊन पुन्हा सुरू झाला पाहिजे. थर्मिक हीटर आठवडाभर न थांबता चालत असेल तर शटरवाला, स्वतःला तपासणारा सेन्सर घ्या. फ्लेम सिग्नल १.२५ व्होल्ट डीसी हा किमान आहे. रोज १.५ वर चालवून 'चालतंय ना' म्हणू नका. ३ च्या वर आणा.

आता तो हवेचा स्विच. काही मॉडेल्स स्टार्टच्या आधीच हा कॉन्टॅक्ट उघडा आहे का ते बघतात, त्यामुळे शॉर्ट केल्यावर बर्नर सुरूच होत नाही. बाकीची मॉडेल्स मुकाट्याने चालतात, आणि ब्लोअरचा बेल्ट तुटला तरी गॅस उघडा राहतो. तुमच्याकडे तो ट्रिप का होतोय ते शोधायला तासभर लागेल. सेन्सिंग ट्यूब काढून फुंकून बघा. पावसाळ्यात ट्यूबच्या खोलगट वळणात पाणी साचतं, आणि आजूबाजूच्या युनिटची धूळ नोजल बुजवते. मग ब्लोअरची पाती, इनलेटची जाळी, डॅम्पर लिंकेजचा सैल स्क्रू. ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर सर्वात कमी वेगाला दाब किती उरतो ते मोजा; ट्रिपिंगचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हे सगळं स्वच्छ झाल्यावर सेटिंग करा. ज्या फायरिंगला हवेचा दाब सर्वात कमी असतो तिथे बर्नर चालवा, डायल हळूहळू वर फिरवत स्विच कोणत्या आकड्याला तुटतो ते बघा, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर ठेवा. १० मिलिबारला तुटला तर ८. मग चिमणीला फ्लू गॅस (धूर) अॅनालायझर लावून ब्लोअरचा इनलेट हळूहळू झाका: कार्बन मोनॉक्साइड १ टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम, होण्याआधी स्विचने बर्नर बंद केला पाहिजे. नाही केला तर डायल अजून वर.

गॅसच्या दाबाचे स्विच हाय फायर चालू असतानाचा दाब मोजून लावा, बर्नर बंद असतानाचा नव्हे. चालू दाब १०० मिलिबार असेल आणि बर्नर उत्पादकाने वेगळं काही दिलेलं नसेल, तर कमी दाबाचा (लो) स्विच ६० च्या आसपास, जास्त दाबाचा (हाय) १४० च्या आसपास. बर्नर बंद होताच हाय स्विच ट्रिप होत असेल तर डायल वाढवू नका, रेग्युलेटर नीट बंद होत नाहीये. त्याची सीट बघा.

तेलाच्या फ्लोचा डीपी स्विच (दाबातल्या फरकावरून प्रवाह ओळखणारा) आणि वेगळा, हाताने रिसेट होणारा हाय टेंपरेचर लिमिटर या सेफ्टी स्विचांच्याच साखळीत हवेत. ते पीएलसीच्या प्रोग्रॅममधून नकोत, वायरने हवेत.

शेवटी चाचण्या. पहिल्या सगळ्या गॅसचा हातव्हॉल्व्ह बंद ठेवून: पर्ज स्टॉपवॉचने मोजा, पायलट न पेटता ४ सेकंदांत लॉकआउट (हाताने रिसेट करेपर्यंत कायम राहणारा बंद) आला पाहिजे. मग हवेच्या स्विचची ट्यूब काढून बघा. ज्योत विझल्यावर किती वेळात व्हॉल्व्ह बंद होतो ते मोजायला गॅस बंद करू नका, पाइपमधला उरलेला गॅस जळत राहतो आणि आकडा चुकतो. चालू बर्नरचा यूव्ही सेन्सर साइट ट्यूबमधून बाहेर काढा आणि तळहाताने झाका. यूव्हीऐवजी फ्लेम रॉड (ज्योतीत राहणारी सळई) असेल तर आधी पॉवर बंद करून त्याच्या वायरमध्ये छोटा स्विच टाका, चाचणी झाली की काढा. गॅस व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडचा सप्लाय तुटेपर्यंत ०.८ च्या अँप्लिफायरला सेकंदाच्या आसपास लागायला हवा. गॅस लाइनवरच्या दोन सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या मधल्या टेस्ट पॉइंटला नळी लावून पाण्यात सोडा. वरचा (गॅस येतो त्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद असताना बुडबुडे येत राहिले तर तो बदला. खालच्या व्हॉल्व्हचीही अशीच तपासणी त्याच्या पुढच्या टेस्ट पॉइंटला करा. त्यासाठी वरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडावा लागेल, आणि तेव्हा बर्नरकडचा हातव्हॉल्व्ह बंदच असला पाहिजे.