जिताड्याच्या आधी जानेवारीचा हप्ता

दहिसरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात देतो.

"वय ४३, खासगी नोकरी, हातात महिना ८८ हजार. गृहकर्जाचा हप्ता ३६ हजार. ३४ लाख फेडायचे आहेत, १३ वर्षं बाकी. घरात पत्नी (गृहिणी), ११ वर्षांची मुलगी आणि आई. घरखर्च जाऊन सात-आठ हजार उरतात, बचत खात्यात १ लाख १० हजार आहेत. छंद एकच, गरीने मासे पकडणं. सुट्टीच्या दिवशी गोराई, मनोरी, नाहीतर लोकलने नायगावची खाडी. माझी उंची सव्वापाच फूट, त्यामुळे दुकानातल्या रॉडची मूठ लांब पडते आणि काखेत अडकते. एक कारागीर माझ्या मापाचा आठ फुटी, सलग एका तुकड्याचा रॉड ४२ हजारांत बांधून देतो आहे. अर्धे पैसे आगाऊ द्यायचे आहेत. जिताडा ८०० रुपये किलो आहे, तेव्हा दोनेक वर्षांत रॉड आपली किंमत वसूल करेल. घ्यावा का? पैशांचा प्रश्न नाही. बँकेतून घेतलेल्या पॉलिसीला जानेवारीत पाच वर्षं होतात. वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे सहा लाख आणि वर व्याज. त्यातून रॉड, तीन लाख कर्जात, उरलेल्यात अंदमान. अंदमानची तिकिटं दिवाळी बोनसमधून काढतो आहे. दरवर्षी बोनस पॉलिसीच्या हप्त्यात जायचा, यंदा तो मोकळा आहे."

रॉडवर मी येतोच. त्याआधी तुम्ही पत्रासोबत पाठवलेली पॉलिसीची पानं मी वाचली, आणि "पैशांचा प्रश्न नाही" या वाक्यापाशी थांबलो.

पॉलिसी २०२२ च्या जानेवारीतली आहे. हप्ते बारा वर्षं भरायचे, वीस वर्षांनी २८ लाख मिळणार, विमा १२ लाखांचा. पाच वर्षांनी पैसे परत मिळतील असं त्यात एकाही ओळीत नाही. पाच वर्षांची अट युलिपला (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीला) असते, तीही पैसे अडकवून ठेवण्याची. तुमची पॉलिसी युलिप नाही. बँकेतल्या मॅडमनी दोन गोष्टींची खिचडी केली, की तुम्ही अर्धं ऐकलंत, हे आता कळायचं नाही. मॅडमची बदली झाली असणार. अशा मॅडमची आणि साहेबांची बदली नेहमी झालेलीच असते.

त्या कागदांत शेवटून दुसऱ्या पानावर एक तक्ता आहे. त्यात सरेंडर मूल्याचा रकाना आहे. पाचव्या वर्षासमोर बघा: ३ लाख. तुम्ही भरलेले सहा, मोडली तर हातात तीन. अशा पॉलिसीत चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे देण्याची हमी असते, तेच हे. ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम बदलले आणि नव्या पॉलिसी घेणाऱ्यांची अवस्था बरीच सुधारली. तुमचा करार त्याआधीचा. तरी कंपनीकडून आजचा आकडा लेखी मागवा. दहा-वीस हजार इकडेतिकडे होतील, तीनाचे सहा होणार नाहीत.

म्हणजे जानेवारीत तुमच्याकडे सहा लाख येणार नाहीत. १ लाख २० हजार जाणार आहेत. सहावा हप्ता.

ही विकताना "पैसे दुप्पट" असं सांगितलं असणार. बारा हप्ते मिळून १४ लाख ४० हजार, त्याचे २८ लाख, म्हणजे दुप्पट म्हणायला हरकत नाही. किती वर्षांत, हे मात्र कोणी सांगत नाही. पहिला हप्ता वीस वर्षं पडून राहतो, शेवटचा नऊ, सरासरी साडेचौदा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा दर अंदाजे कळतो. ७२ ला साडेचौदाने भागा, पाच येतात. पुरतं दुप्पटही नाही, म्हणून थोडं कमी करा. वर्षाला साडेचार टक्क्यांच्या किंचित वर. हेच पैसे पीपीएफमध्ये टाकले असते आणि मुदत पाच वर्षं वाढवली असती, तर आजच्या ७.१ टक्क्यांच्या दराने २० वर्षांनी ४० लाख झाले असते. दर बदलू शकतो, मान्य. तरी दोन्हींत बारा लाखांचं अंतर आहे.

आता तुम्हाला वाटेल की मी मोडायला सांगणार. नाही सांगणार. इथे बहुतेक लोक दुसरी चूक करतात: फसवलं गेल्याच्या रागात मोडतात. गेलेले तीन लाख गेले, पॉलिसी मोडली तरी आणि चालू ठेवली तरी. हिशोब आजपासून मांडा. जानेवारीत मिळू शकणारे ३ लाख तुम्ही सोडता, पुढची सात वर्षं १ लाख २० हजार भरता, आणि त्यानंतर आठ वर्षांनी २८ लाख घेता. हा परतावा सात टक्क्यांच्या थोडा वर जातो. विमा हप्त्याच्या दहापट असल्यामुळे आजच्या नियमाप्रमाणे तो करमुक्तही आहे. एकूण सौदा साडेचार टक्क्यांचा, उरलेला सात टक्क्यांचा. सगळं नुकसान पहिल्या पाच वर्षांत सोसून झालं आहे. आता मोडणं म्हणजे काटे काढत बसायचं आणि तुकडी मांजराला घालायची. म्हणून चालू ठेवा. हप्ता जमणारच नसेल तर पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढे भरायचं नाही आणि कमी झालेली रक्कम मुदतीनंतर घ्यायची. ती रक्कम किती, हे कंपनी लेखी देते. ३ लाख सात टक्क्यांनी पंधरा वर्षांत सव्वाआठ लाख होतात. कंपनीचा आकडा त्याच्या वर असेल तर पेड-अप, खाली असेल तर मोडायचा विचार.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही असं याहून मोठं भोक आहे. तुमच्या डोक्यावर ३४ लाखांचं कर्ज, घरात तीन माणसं तुमच्या पगारावर, आणि विमा १२ लाख. उद्या तुम्ही नसाल तर बँक १२ लाख घेईल आणि बाकीचे २२ लाख मागेल. (कर्ज घेताना त्याच बँकेने कर्जाचा विमा गळ्यात मारला होता का, ते एकदा फाइल उघडून बघा. असेल तर ती एकच पॉलिसी या वेळी कामाची निघेल.) घरखर्च महिना ४४ हजार, वर्षाला सव्वापाच लाख. १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) घेतला तर ३४ लाखांचं कर्ज फिटून ६६ उरतात, त्यात पॉलिसीचे १२ मिळवून ७८. सात टक्क्यांनी वर्षाला साडेपाच लाखांच्या आत-बाहेर. आजचा खर्च जेमतेम निघतो, महागाईला जागाच नाही. म्हणून दीड कोटी, वयाच्या ६० पर्यंत. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला ३५ हजारांच्या आसपास धरा, म्हणजे महिना तीन हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या जाहिरातीतला आकडा बघून घाबरू नका. फॉर्म भरताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यायची आहे असं लिहून द्या. मग ते पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतात, तुमच्या कर्जाच्या धनकोंना त्याला हात लावता येत नाही. आणि "मुदत संपल्यावर हप्ते परत" असलेला प्रकार कोणी दाखवला तर फोन ठेवा. तुमच्या घरात तसलं एक आधीच आहे.

हे झालं. आता रॉड.

सांगून टाकतो की या विषयात मी अगदीच कोरा नाही. लहानपणी रिकाम्या डब्याला तंगूस गुंडाळून, टोकाला शिसं आणि गरी बांधून खडकावर बसायचो. शिंगाळा लागला की हात कापून घ्यायचो. त्याला खर्च शून्य होता आणि मासा रॉड बघून लागत नाही हे तेव्हाच कळलं होतं.

वसुलीचं गणित आधी मिटवू. ४२ हजार भागिले ८०० म्हणजे साडेबावन्न किलो. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी जिताडे तीन मिळाले, मिळून नऊ किलो. म्हणजे सहा वर्षं. पण ते नऊ किलो जुन्या रॉडवर मिळाले होते! नव्याच्या खात्यात त्याच्यामुळे जास्त मिळतील तेवढेच धरायचे, आणि ते किती, हे भरती-ओहोटी, खारफुटीची कड आणि तुमची पहाटे उठायची तयारी ठरवते. खडकात आणि खारफुटीच्या मुळांत गेल्या वर्षी आमिषाचे चौदा नकली मासे तुटले असंही तुम्ही लिहिता. ७०० रुपयांनी धरले तर ९ हजार ८०० रुपये. जिताड्यांची किंमत ७ हजार २००. छंद तोट्यातच आहे, आणि छंद तोट्यात असायला माझी काहीच हरकत नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. पावसाचे महिने सोडून वर्षाला पंचवीस फेऱ्या, आठ वर्षं टिकला तर दोनशे फेऱ्या, फेरीला २१० रुपये. याला मजा म्हणा, परवडते.

बांधून घेतलेल्या रॉडमध्ये खरोखर काय मिळतं? कार्बनची काठी (हे लोक तिला ब्लँक म्हणतात) तुम्ही वापरता त्या वजनाच्या आमिषाला जुळणारी निवडता येते. मुठीची लांबी आणि रील बसवायची जागा तुमच्या हाताच्या मापाची होते. दोरी ज्यातून जाते त्या कड्या काठीच्या वाकण्याप्रमाणे बसवतात, आणि कड्यांच्या आतलं वेटोळं चांगल्या सिरॅमिकचं घेता येतं. विणलेली दोरी वापरत असाल तर याला अर्थ आहे, कारण ती स्वस्त कड्यांत चर पाडते. दोरी लांब जाईल, पण थोडीच. फेक हातात असते. आणि विकायला काढलात तर सव्वापाच फुटी माणसाच्या मापाचा रॉड घ्यायला दुसरा सव्वापाच फुटीच शोधावा लागेल.

तुमची खरी तक्रार मूठ लांब असण्याची आहे. मग याच कारागिराला विचारा: आहे त्या रॉडची मूठ चार-पाच इंच कापून, नवं टोक बसवून किती घेशील? काम दोन-तीन हजारांच्या घरात व्हायला हवं. काखेत अडकणं तिथेच संपतं. तसा सहा महिने वापरा. त्यानंतरही नवा हवासा वाटला तर तो खरोखर हवा आहे.

आणि सलग आठ फुटी? दहिसरहून विरार लोकलमध्ये? सकाळी जाताना एकवेळ जमेल, संध्याकाळी येताना टोक कोणाच्या तरी छत्रीत अडकून मोडेल. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कार्बनमधून वीज वाहते आणि रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. फलाटावर, पुलावर असली काठी उभी धरून चालणं हा जिवाशी खेळ आहे. तार हाताला लागावीच लागते असंही नाही, जवळ गेलं तरी पुरे. दोन तुकड्यांचाच घ्या, बॅगेत घालून. आजचे चांगले सांधे इतके घट्ट बसतात की फेकताना फरक जाणवत नाही. शिवाय टोक मोडलं तर फक्त वरचा तुकडा बदलता येतो. तो सुटा मिळेल का आणि केवढ्याला, हे आगाऊ पैसे देण्याआधी लिहून घ्या. कंपनीच्या रॉडला वॉरंटीचा कागद असतो; इथे तुमच्याकडे व्हॉट्सॲपवरचा अंगठा असेल.

पैसे कुठून, तर महिन्याच्या आठ हजारांतून. तीन टर्म विम्याला. उरलेल्या पाचातले अडीच बचत खात्यात राहू द्या, कारण १ लाख १० हजार म्हणजे हप्ता आणि घरखर्च धरून दीड महिनाही निघत नाही. अडीच रॉडचे. ४२ हजारांना सतरा महिने लागतात. तुमच्याच हिशोबाने तेवढ्यात आणखी चार-पाच जिताडे व्हायला हवेत, कापलेल्या मुठीवर.

आता घाईचं काम. अंदमानची तिकिटं काढली नसतील तर काढू नका. काढली असतील तर रद्द केल्यावर किती कापतात ते आजच बघा. बोनस मोकळा नाही. जानेवारीचा हप्ता वार्षिक आहे, तारखेनंतर तीस दिवसांची सवलत मिळते, त्यापुढे पॉलिसी आपोआप पेड-अप होते आणि विमाही कमी होतो. बोनस किती येतो आणि कधी येतो, हे पत्रात लिहायचं राहिलं आहे. ते कळवा, आणि तोवर कारागिराला आगाऊ रक्कम पाठवू नका.