महागडं घड्याळ घालून पोहलं तर चालतं का?

चालतं, पण ते किमतीवरून नाही, मागच्या झाकणावर किंवा डायलवर पाणी अडवण्याची क्षमता किती मीटर लिहिलीय त्यावरून ठरवा. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारं पाणी, बस्स. ५० मीटरवर संथ पोहणं जमून जातं. निर्धास्त पोहायचं तर १०० मीटर आणि आट्यांनी घट्ट बसणारी चावी हवी. हा आकडा नव्या घड्याळावर दाब देऊन तपासलेला असतो. प्रत्यक्षात पाणी अडवतात ते आतले रबरी गॅस्केट, आणि रबर वर्षागणिक कडक होतं. म्हणून जुन्या घड्याळावरच्या आकड्यावर मी तरी अजिबात विसंबणार नाही, मग ते ३०० मीटरचं रोलेक्स सबमरिनर का असेना. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, बॅटरी बदलल्यावरही.

- पाण्यात चावी ओढू नका, क्रोनोग्राफची (घड्याळातल्या स्टॉपवॉचची) बटणं दाबू नका.
- चामड्याचा पट्टा असेल तर घड्याळ काढूनच ठेवा.
- समुद्रातून किंवा क्लोरीनच्या पाण्यातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा.
- गरम टब, सॉना टाळाच.

काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्या. काटे आणि स्क्रू फार लवकर गंजतात.