चार्टवरची तारीख कुठनं आली ते आधी बघ

भावा, कामाच्या वेळापत्रकाच्या चार्टमध्ये काम संपायची तारीख १५ जून दिसतंय म्हणून लगेच साहेबांना १५ जून सांगू नको. ती तारीख कुणी कबूल केलेली नसते, सॉफ्टवेअरनं मागच्या कामांवरनं (म्हणजे जी आधी व्हायला लागतात त्यांच्यावरनं) काढलेली असते, आणि मागचं काम दुसऱ्या प्रोजेक्टात असेल तर खरा घोळ तिथंच.

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन बसवायचं काम होतं, फाउंडेशन सिव्हिलवाल्यांच्या वेगळ्या फाइलमध्ये. दोन्ही फाइलींची लिंक जोडलेली, सगळं वेळेत दिसतंय, पण त्यांनी तीन आठवडे फाइल अपडेटच केली नव्हती, तिकडं अजून खोदाई चालू आणि आमच्या चार्टवर काँक्रीट होऊन क्युरिंगपण (पाणी मारून काँक्रीट पक्कं करणं) संपलेलं. क्रेन येऊन उभी राहिली, भाडं गेलं, लय वाईट वाटलं.

म्हणून समोरची फाइल शेवटची कधी अपडेट झाली ते विचारच. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या फाइलमधनं जोडलेलं काम करड्या रंगात दिसतं, तिकडं बदल झाला असेल तर फाइल उघडताना तो घ्यायचा का असं विचारतं, घाईत नुसतं क्लोज दाबलंस की जुनीच तारीख राहते. 'मस्ट स्टार्ट ऑन' (ठरलेल्या तारखेलाच सुरू व्हायची अट) लावलेली कामंपण शोध, मागचं कितीपण लांबलं तरी ती जागची हलत नाहीत. आणि तारीख उलटून गेलेलं, शून्य टक्के झालेलं काम आपोआप पुढं जात नाही, ते 'अपडेट प्रोजेक्ट'मधनं सरकवावं लागतं, मगच शेवटची तारीख बघ.

शिवाय दर सोमवारी सिव्हिलच्या माणसाला फोन कर, जमलं तर साइटवर जाऊन खड्डा स्वतः बघून ये.