जिप्सीच्या स्टिअरिंगचा प्ले: पेच सगळ्यात शेवटी

‘स्टिअरिंग चार बोटं फिरतं तरी गाडी ढिम्म, मेकॅनिक म्हणतो बॉक्सचा पेच आवळून देतो’, हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझं २०११ साल आठवलं. माझी जिप्सी १९९८ची. स्टिअरिंगचं हे मोकळं फिरणं म्हणजे प्ले; बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, आणि पेच म्हणजे त्यातल्या दातांची पकड कमी-जास्त करणारा स्क्रू. मी मेकॅनिक नाही आणि काम स्टिअरिंगचं आहे, तेव्हा हे वाचून जाणत्या माणसाला दाखवा, एवढं आधीच सांगतो.

पेच आवळू देऊ नका. निदान आत्ताच नको.

गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्समधले दात मध्यावर जास्त झिजतात, कडेला कमी. पेच आवळला की सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून चाकांकडे वळण पोचवणारा दातेरी दांडा) दातांत आणखी रुततो. मधला प्ले जातो, पण वळणावर कडेचे धड दात जाम व्हायला लागतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुण्यातल्या एका चांगल्या नावाच्या गॅरेजने दहा मिनिटांत पेच आवळून गाडी हातात दिली. सरळ रस्त्यावर काय सुंदर चालली! दुसऱ्या दिवशी भोरवरून वरंधा घाटात उतरलो. पहिल्या हेअरपिन वळणानंतर सवयीने हात सैल सोडले, तर स्टिअरिंग परत येईना. पुढचं चाक कठड्याकडे, बायकोने समोरचा दांडा गच्च धरलेला, आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढतोय.

गॅरेजवाला म्हणाला, ‘बसेल हळूहळू.’ मी मूर्ख, चार महिने तसाच फिरलो. शेवटी बॉक्स उघडला तर आतल्या गोळ्यांना खड्डे पडलेले, दात उडालेले. बॉक्स भंगारात. आणि खरा प्ले कुठे होता? निम्म्याहून जास्त ड्रॅग लिंकच्या, म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या, एंडमध्ये (टोकाच्या जोडात)! काहीशे रुपयांचं काम. अजून चीड येते.

म्हणून आधी हे करा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाला आत बसवून स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायला सांगा, आणि तुम्ही खाली आडवे होऊन एकेका जोडावर हात ठेवा: ड्रॅग लिंक, टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, पिटमन आर्म (बॉक्सला लागलेला हात), कॉलमचं (स्टिअरिंगखालच्या दांड्याचं) रबरी कपलिंग. ढिला जोड डोळ्यांआधी बोटांना कळतो. बॉक्स चासीवर हलतोय का, तेही बघा. माझा एक बोल्ट सैल होता. किंगपिन (ज्यावर चाक डावं-उजवं वळतं ती खीळ) आणि हब बेअरिंग जॅक लावून तपासा.

हे सगळं ठीक असूनही प्ले उरला, तरच पेच. चाकं उचलून, स्टिअरिंगचे या टोकापासून त्या टोकापर्यंतचे फेरे मोजून ते बरोबर मध्यावर आणा. पेच जागी धरणारा लॉकनट सैल करून पेच अगदी थोडा आवळायचा, पाव फेऱ्याहून कमी. लॉकनट परत घट्ट करताना पेच स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. कुठेही जड लागलं की पेच परत सैल करा. किंचित प्ले राहिला तरी चालेल. जुन्या गाडीला तो असतोच, माझं मत.

बॉक्समध्ये गिअर ऑइलच घाला. गळतोय म्हणून ग्रीस ठासणारे महाभाग भेटतील, त्यापेक्षा सील बदला. जुना बॉक्स घेणार असाल तर मध्यावर नाही, शेवटपर्यंत फिरवून बघा. मध्यावर सगळेच छान लागतात.