'तांत्रिक कारणास्तव' स्थलांतर : सूचनेवर सही करावी का?

प्रश्न : मी एका सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या मालमत्ता विभागात अधिकारी आहे. आमचे एक जुने बाह्यरुग्ण केंद्र दुसऱ्या इमारतीत हलवण्याचा निर्णय झाला असून रिकामी होणारी जागा भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव फाईलवर आहे. सहीसाठी आलेल्या जाहीर सूचनेत मात्र 'तांत्रिक कारणास्तव स्थलांतर' एवढेच लिहिले आहे. निविदा निघेपर्यंत अधिक काही बोलायचे नाही, असे वरिष्ठांचे तोंडी सांगणे आहे. मी काय करावे?

उत्तर : आहे त्या स्वरूपात सही करू नये, असे माझे मत आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१) नुसार जनतेवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व संबद्ध तथ्ये प्रसिद्ध करणे आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवणे, ही सार्वजनिक प्राधिकरणाची स्वतःहून पार पाडायची जबाबदारी आहे. त्यासाठी कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नसते. कलम ४(४) स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक माध्यम यांचाही विचार करायला सांगते. केसपेपरच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असणाऱ्या रुग्णाला संकेतस्थळावरची पीडीएफ दिसत नाही, म्हणून त्या खिडकीवर, मोठ्या अक्षरात, सूचना लागलीच पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वैधानिक आदेशाची (कायद्याने दिलेल्या अधिकारात काढलेल्या आदेशाची) वैधता त्यात नमूद कारणांवरूनच तपासली जाईल, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून तो सावरता येणार नाही. आपली सूचना म्हणजे काटेकोर अर्थाने तसा आदेश नव्हे. तरीही उद्या कोणी उच्च न्यायालयात गेले, तर 'तांत्रिक' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येणारच, आणि फाईलवरील टिपणी वेगळेच सांगत असेल तर खुलासा सही करणाऱ्याकडे मागितला जाईल.

वरिष्ठांची धास्ती अगदीच निराधार नाही. जागेची अंदाजित किंमत सूचनेत छापा, असे कायदा म्हणत नाही, आणि बोलीदारांची व्यापारी गुपिते राखण्यास कलम ८(१)(घ) मध्ये वाव आहे. शिवाय भाडेपट्टा हा अद्याप प्रस्तावच आहे, त्यामुळे तो निर्णय म्हणून जाहीर करणेही चुकीचे ठरेल. मसुद्यात एवढे वाक्य पुरेसे आहे : 'केंद्र स्थलांतरित करण्याचा निर्णय झाला असून रिक्त होणारी जागा भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.' त्याच्या जोडीला स्थलांतराचे फाईलवर नोंदलेले कारण शब्दशः द्यावे.

खरे कारण सांगितल्याने संस्थेचे फारसे बिघडतही नाही. कार्यालय कोठे असावे हा मुख्यतः शासनाने ठरवण्याचा विषय आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जे. आर. रघुपती प्रकरणात (१९८८) आंध्र प्रदेशातील मंडल (तालुक्यासारखा प्रशासकीय घटक) मुख्यालयांच्या संदर्भात घेतली आहे. जागेची निवड सहसा टिकते. लपवाछपवीचा बचाव करणे मात्र वकिलालाही जड जाते.

आवारातील औषध दुकान किंवा उपाहारगृह चालवणाऱ्यांना जाहीर सूचना पुरत नाही. त्यांचे करारनामे काढून पाहा. मासिक भाडेकरार असेल आणि करारात किंवा लागू स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. भाडेकरार नसून जागा वापरण्याचा केवळ परवाना असेल तर करारातील मुदत पाहावी.

सही थेट नाकारू नका. सुधारित मसुदा टिपणीसह सादर करा आणि तोंडी निर्देशाचा उल्लेख करून लेखी आदेश मागा. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मध्ये तोंडी निर्देशाची लेखी पुष्टी मागणे हे कनिष्ठाचे कर्तव्यच मानले आहे. आपल्या सेवाविनियमांत तशी तरतूद आहे का, ते तपासा. आणि मसुद्यात 'दि. ____ पासून' अशी जागा कोरी राहिली असेल, तर ती भरल्याशिवाय सुधारित मसुद्यावरही सही करू नका.