सोयाबीनचं तणनाशक ज्वारीच्या मुळावर

प्रश्न (लातूर जिल्हा): सोयाबीन काढून ज्वारी पेरली. उगवण छान झाली पण तीन पानांवर येऊन थांबलीय, पट्ट्यापट्ट्याने पानं जांभळी पडलीत. दुकानदार म्हणतो स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे, 12:61 हे स्फुरदाचं खत फवारा आणि ह्युमिक सोडा. काय करावं?

उत्तर: दादा, आधी त्या बाटल्या परत करा. जांभळ्या भागातली चार रोपं खुरप्याने मातीसकट काढा, मुळ्या बादलीत हलक्या हाताने धुवा आणि बघा. मुख्य मुळी आखूड, बाजूच्या मुळ्या अर्ध्या बोटाएवढ्या आणि दाट, बाटली धुवायच्या ब्रशसारख्या दिसल्या तर हे सोयाबीनवर मारलेल्या इमॅझेथापायर या तणनाशकाचं काम आहे, अशी शेतं मी पुष्कळ पाहिलीत. बियातल्या साठ्यावर ज्वारी उगवते, नंतर मुळीचं टोकच वाढत नाही म्हणून स्फुरद जमिनीत असूनही उचलला जात नाही आणि पान जांभळं पडतं, मग वरून 12:61 मारून काय होणार? आणि स्फुरदाची कमतरता काय पंपाच्या पट्ट्याने येते का? धुऱ्याकडे जिथं पंपवाला वळतो तिथं डबल फवारा पडतो, तिथंच जास्त मार दिसेल, जाऊन बघा.

आता डोसचं. 10 टक्क्यांचं इमॅझेथापायर एकरी 400 मिली, म्हणजे 200 लिटर पाणी धरलं तर 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. तीसच! दुकानदार "गवत मोठं झालंय, 50 टाका, सोबत क्लोरीम्युरॉनची पुडी घ्या" (हेही तणनाशकच) सांगतो आणि आपण टाकतो. टाकू नका. वेळही तीच पाळा, तण दोन ते चार पानांचं असताना. पावसाने उघडीप दिली नाही म्हणून ऑगस्टमध्ये गुडघाभर गवतावर मारलं तर गवत मरत नाही आणि औषध मात्र रब्बीपर्यंत राहतं. जमिनीतले जीवाणू ओल असेल तरच ते संपवतात, नंतर पावसाचा खंड पडला की त्यांचं काम थांबलं. आपल्या सामू (pH) 8 च्या वरच्या काळ्या जमिनीत क्लोरीम्युरॉन तर अजूनच हळू विरतं. परत सांगतो, डोस वाढवू नका, उशिरा मारू नका, दोन औषधं दुकानदाराच्या सांगण्यावरून मिसळू नका.

हे औषध जमिनीतून काढणारी कुठलीही बाटली बाजारात नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. मार कमी असलेल्या भागात पाणी असेल तर हलकं पाणी द्या, रोप सावरतं. पार बसलेल्या पट्ट्या मोडून हरभरा घ्या, तो इमॅझेथापायर बऱ्यापैकी सोसतो, पण क्लोरीम्युरॉन मिसळलं असेल तर हरभऱ्याचीही आधी चाचणी करा. चाचणी सोपी आहे, वावरातली चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एका डब्यात, न फवारलेल्या बांधाची दुसऱ्या डब्यात, दोन्हीत जे पेरायचंय तेच बी टाका आणि पंधरा दिवसांनी उपटून मुळ्या शेजारी ठेवून बघा. एक रुपया लागत नाही. करडई, मोहरी, कांदा घ्यायचा असेल तर याशिवाय पेरूच नका.

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू कळतो, तणनाशकाचा अंश नाही. असं नुकसान पीक विम्यात बसत नाही. कोळप्यासारख्या, ओळींमधलं तण काढायच्या अवजारांच्या अनुदानाचं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर बघा.

आणि पुढच्या खरिपात दोन कोळपण्या कराच, पहिली 15-20 दिवसांनी, दुसरी 30-35 दिवसांच्या आत, ओळीतलं राहिलेलं खुरप्याने. मजूर मिळत नाही हे मलाही माहितीय, पण निदान रब्बीत ज्वारी घ्यायची असलेला तुकडा तरी कोळप्यावर ठेवा. फवारलंच तर तारीख, औषध आणि डोस वहीत लिहा, रिकामी बाटली लेबलसकट ठेवा आणि पुढच्या वेळी फोन करताना ती हातात घेऊन बसा.