लोड बॅलन्सर बॅकएंडला अनहेल्दी म्हणतो, पण व्हीएमच्या आतून २०० येतं. चूक नेटवर्कची की ॲपची?

प्रश्न थोडक्यात असा: गूगल क्लाउडवर दोन व्हीएम (आभासी मशीनं), पुढे त्यांच्यात ट्रॅफिक वाटणारा एचटीटीपी लोड बॅलन्सर. व्हीएममध्ये शिरून लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनला, कर्ल मारून विचारलं की २०० (सगळं ठीक) येतं, तरी दोन्ही बॅकएंड, म्हणजे मागचे व्हीएम, लाल. नेटवर्कवाला म्हणतो ॲप बघा, ॲपवाला म्हणतो फायरवॉल बघा. कोणाचं ऐकू?

नेटवर्कवाल्याचं ऐका. मी स्वतः नेटवर्कवाला आहे, त्यामुळे निःपक्षपाती उत्तर हवं असेल तर खाली दुसरं कोणी लिहीलच.

"आतून २०० येतं" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लोकलहोस्टवरून आलेल्या २०० ला काहीही अर्थ नाही. प्रोब, म्हणजे बॅकएंड ठीक आहे का बघायला येणारी हेल्थ चेकची विनंती, लोकलहोस्टवरून येत नाही. तो ३५.१९१.०.०/१६ आणि १३०.२११.०.०/२२ ह्या गूगलच्या दोन आयपी रेंजमधून व्हीएमच्या आयपीवर येतो, आणि होस्ट हेडरमध्ये (कोणती साइट हवी ते सांगणाऱ्या ओळीत), तुम्ही मुद्दाम दिलं नसेल तर, तुमच्या डोमेनचं नाव नसतं, आयपी असतो. तुमचं ॲप फक्त १२७.०.०.१ वर (हाच तो लोकलहोस्ट) ऐकत असेल तर आतून सगळं गोड आणि बाहेरून रिसेट, म्हणजे कनेक्शनला सरळ नकार. ॲप जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) असेल तर त्याच्या अलाउड होस्ट्सच्या यादीत लोकलहोस्ट आहे म्हणून तुम्हाला २००, आयपी नाही म्हणून प्रोबला ४०० (विनंती चुकीची). एचटीटीपीएसवर ढकलणारा रिडायरेक्ट असेल तर ३०१, आणि गूगलच्या एचटीटीपी हेल्थ चेकला २०० सोडून काहीही चालत नाही. ह्या तीनपैकी दोन गोष्टी सरळ ॲपच्या आहेत. तिसरी, म्हणजे १२७ वाली, तीसुद्धा ॲपचीच आहे. आता बोला.

फायरवॉल रूल तुम्ही वरच्या दोन्ही रेंजसाठी केला असेलच असं धरतो. नसेल तर हे वाचणं सोडा आणि आधी तो करा, कारण स्वतः बनवलेल्या व्हीपीसीत, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कमध्ये, बाहेरून येणारं सगळं मुळात बंदच असतं. पब्लिक आयपी द्या, नॅट लावा, रूट टाका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रोब गूगलच्या स्वतःच्या वाटेने येतो आणि त्याच वाटेने परत जातो, तुमच्या रूट टेबलात ती वाट दिसतही नाही.

मग हेल्थ चेकवर लॉगिंग चालू करा. ते मुळात बंद असतं आणि चालू केल्यावरही फक्त स्थिती बदलली तरच ओळ पडते, त्यामुळे पाच मिनिटं रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका. ओळीत 'अनहेल्दी' लिहिलं असेल तर प्रोब पोचला, पण उत्तर पसंत पडलं नाही. म्हणजे ॲप. 'टाइमआउट' लिहिलं असेल तर कनेक्शन झालं नाही, किंवा झालं पण वेळेत उत्तर आलं नाही. ह्या 'किंवा'पायी माझ्या आयुष्यातली एक अख्खी दुपार गेली आहे.

तेव्हा मी पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एका कंपनीत होतो, नाव सांगत नाही. सहा व्हीएमचा ग्रुप, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. हेल्थ चेकच्या यूआरएलवर काय असावं ह्यावरून आमच्या आर्किटेक्टशी माझं रिव्ह्यू मीटिंगमध्ये वाजलं होतं. त्याचं म्हणणं, हेल्थ म्हणजे सगळी हेल्थ: डेटाबेसवर क्वेरी मारा, रेडिस (कॅश) बघा, मेल सर्व्हरसुद्धा बघा. मी म्हटलं, "अरे, डेटाबेस आजारी पडला तर व्हीएमला सलाइन लावून काय होणार?" सगळे हसले. निर्णय त्याच्याच बाजूने झाला, कारण तो आर्किटेक्ट आणि मी "केबलवाला". क्लाउडमध्ये केबल नसते, तरी नाव तेच.

वर आणखी एक शहाणपण झालं. तोच हेल्थ चेक लोड बॅलन्सरला आणि तोच ऑटोहीलिंगला. पहिल्याचा अर्थ 'ह्याच्याकडे ट्रॅफिक पाठवू नको' आणि दुसऱ्याचा 'ह्याला मारून नवा उभा कर'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींना एकच उत्तर कसं चालेल?

महिन्याची एक तारीख. माझ्या चुलत भावाचा साखरपुडा, कऱ्हाडला. साडेअकराला फोन सुरू झाले. ज्यांचे पगार झाले ते सगळे स्लिप बघायला आत येत होते आणि त्यांना ५०२ (मागून उत्तर नाही) दिसत होतं. मंगल कार्यालयात रेंज फक्त कोठीघरात मिळत होती, तेव्हा लॅपटॉप तांदळाच्या पोत्यावर ठेवून, झब्ब्यातच खाली बसलो. ब्रिज कॉलवर चौदा माणसं. पहिलं वाक्य काय असेल? "फायरवॉलमध्ये काही बदल केला का रे?"

नव्हता केला. तीन आठवड्यांत एकही रूल हलला नव्हता, ऑडिट लॉग दाखवला. त्यावर आर्किटेक्टने हेल्थ चेकचा लॉग स्क्रीनवर लावला आणि 'टाइमआउट' ह्या शब्दावर माउस गोल गोल फिरवला. "टाइमआउट म्हणजे नेटवर्क, बरोबर ना?" चौदापैकी बारा जण "हो" म्हणाले.

मी एका व्हीएमवर एसएसएचने शिरलो आणि टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावला, फक्त ३५.१९१ वाल्या रेंजसाठी. चार-पाच ओळी पुरल्या. प्रोबचा सिन (कनेक्शनची हाक) आला, आमचा सिन-ॲक (होकार) गेला, गेट (पानाची मागणी) आलं, त्याची पोच लगेच गेली, मिलिसेकंदही लागला नाही. आणि मग काहीच नाही. एक, दोन, तीन, चार, पाच सेकंद शांतता, आणि पलीकडून फिन (कनेक्शन बंद). प्रोबरने कंटाळून फोन ठेवला. आमचा टाइमआउट पाचच सेकंदांचा होता. नेटवर्कने पाकीट दारात आणून दिलं होतं, पोचपावतीही घेतली होती, घरातला माणूस उत्तर लिहीत नव्हता. एवढं मी स्क्रीन शेअर करून दाखवणार, तेवढ्यात सेशन तुटलं. परत जोडायला गेलो तर तो व्हीएमच नाही. मी आत बसलेलो असताना ऑटोहीलिंगने तो उडवला होता.

झालं होतं असं. कोणीतरी सकाळी डेटाबेसवर एक भला मोठा रिपोर्ट सोडला होता. डेटाबेस मंदावला, हेल्थची क्वेरी पाच सेकंदांच्या वर गेली, लागोपाठ दोन चेक चुकले की अनहेल्दी, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांत सहाच्या सहा बाद. ५०२ सुरू. मग ऑटोहीलिंगने सहाही व्हीएम पुन्हा बनवायला घेतले. नवे उठले, प्रत्येकाने उठल्या उठल्या आपला कनेक्शन पूल (डेटाबेसशी तयार ठेवलेली कनेक्शनं) उघडला. धड बंद न होता गेलेल्या जुन्या व्हीएमची कनेक्शनं मात्र डेटाबेसला अजून जिवंतच वाटत होती, कारण लिनक्सचा कीपअलाइव्ह मुळात दोन तास शांत बसल्यावर पहिली चौकशी करतो. मग पोस्टग्रेस म्हणायला लागला, "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी". हेल्थ चेक पुन्हा नापास. पुन्हा कत्तल. तासभर हेच चाललं. त्यात प्रोबर एक नसतो, एका वेळेला अनेक असतात, आणि प्रत्येक जण दर पाच सेकंदांनी येऊन आजारी डेटाबेसला "कसं वाटतंय?" विचारत होता. रुग्ण भेटायला येणाऱ्यांनीच थकला.

दुसऱ्या व्हीएमवर मी डम्प पुन्हा लावला, ह्या वेळी फोनने स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. बाहेर भटजी मुलाकडच्यांना हाका मारत होते. काकू कोठीघरात तूप न्यायला आली आणि म्हणाली, "अरे, तुझा झब्बा पांढरा झालाय मागून." कोंडा.

मग मी कोणाला न विचारता दोन गोष्टी केल्या. ग्रुपवरचं ऑटोहीलिंग काढलं. आणि हेल्थ चेकचा पाथ बदलून रोबोट्स डॉट टीएक्सटी केला, कारण ती एकच फाइल ॲपच्या पुढचा वेब सर्व्हर एनजिनेक्स डेटाबेसला न विचारता देत होता. अर्ध्या मिनिटात सहाही हिरवे. साइट मंद होती, पण होती, आणि ज्यांना स्लिप मिळत होती त्यांना ती मिळत होती. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए ताईंनी तो रिपोर्ट मारला, लोंबकळणारी कनेक्शनं तोडली, आणि एक वाजेपर्यंत सगळं सुरळीत. अंगठ्या घालून झाल्या होत्या तोवर. फोटोत मी नाही.

चार दिवसांनी आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, आला. मूळ कारण, पहिली ओळ: "बॅकएंडपर्यंतच्या प्रवासात झालेला विलंब." मी फोटो जोडून उत्तर लिहिलं, गेटची पोच मिलिसेकंदाच्या आत गेलीये हे लाल गोल करून. ओळ बदलली नाही, फक्त "प्रवासात" काढून "मार्गात" केलं. आठ महिन्यांनी मी ती नोकरी सोडली, ह्याच कारणाने असं नाही, पण हेही होतंच.

तर तुमच्यासाठी. हेल्थ चेकच्या यूआरएलवर डेटाबेस नको. ॲपची प्रोसेस उत्तर देऊ शकते का, एवढंच. डेटाबेस सगळ्यांचा सामाईक आहे, तो पडला तर सगळे व्हीएम एकदम नापास होणार, आणि सगळेच नापास झाल्यावर लोड बॅलन्सर ट्रॅफिक पाठवणार कुठे? डेटाबेससाठी वेगळा अलर्ट लावा, तो माणसाला उठवू दे. ऑटोहीलिंगचा हेल्थ चेक वेगळा आणि जास्त सोशिक ठेवा. गूगलच्या कागदपत्रांतही दोन्ही वेगळे ठेवा असंच लिहिलंय, पण कागदपत्रं वाचतो कोण.

रोबोट्सवाला उपाय मात्र कायमचा ठेवू नका. ॲप मेलं तरी एनजिनेक्स ती फाइल देत राहतो आणि मग हिरव्या दिव्याखाली ५०२ दिसतात. ते पाप आमच्याकडे पुढे दोन आठवडे तसंच राहिलं होतं आणि ते माझं होतं. शिवाय एखाद्याच व्हीएमचा डेटाबेसशी संबंध तुटला, त्याच्या पूलची गाठ बसली, तर माझा साधा चेक ते पकडणार नाही. आर्किटेक्टचा तेवढा मुद्दा बरोबर होता. मीटिंगमध्ये मी तो मान्य केला नाही.

आणि हो, वर "नेटवर्कवाल्याचं ऐका" म्हटलंय खरं, पण गेल्या वर्षी एका नव्या ग्रुपसाठी मीच रूल केला, टारगेट टॅगमध्ये (रूल कोणत्या व्हीएमना लागू ते सांगणाऱ्या लेबलात) 'वेब'नंतर एक डॅश जास्त पडला, आणि दीड तास मी ॲपच्या पोरांना झापत होतो. डम्प लावला असता तर सिनच येत नाही हे एका मिनिटात कळलं असतं, कारण व्हीपीसीची फायरवॉल पाकीट व्हीएमपर्यंत पोचूच देत नाही. लावला नाही, कारण मला खात्री होती. तेव्हा आधी डम्प लावा. सिन दिसत नसेल तर नेटवर्कवाल्याला पकडा. सिन येतो पण उत्तर जात नाही, तर व्हीएमच्या आतली फायरवॉल, आयपीटेबल्स, बघा. रिसेट जातो, तर ॲप चुकीच्या आयपीवर किंवा पोर्टवर ऐकतंय, हेल्थ चेकचा पोर्ट आणि ग्रुपचा नेम्ड पोर्ट (लोड बॅलन्सर ट्रॅफिक पाठवतो तो) एकच आहे का तेही बघा. गेट येतं आणि पुढे शांतता किंवा ४००, ३०१ असं काही जातं, तर ॲपवाल्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहा.

त्या चार-पाच ओळी प्रश्नात टाका, आयपी झाकून. मग कोणाचं ऐकायचं ते बघू.